हात, काम आणि वेदना : कंडरा व बर्सा यांच्या श्रमजन्य विकारांच्या आकलनाचा इतिहास

प्रस्तावना :

व्यवसायजन्य रोगांचा इतिहास लिहिताना शिसे, पारा, फॉस्फरस, कापसाची धूळ आणि कोळशाची धूळ यांचा उल्लेख प्राधान्याने होतो. विष आणि धूळ बाहेरून शरीरात शिरतात. त्यांचे मोजमाप करता येते आणि त्यांचा पुरावा शवविच्छेदनात सापडतो. परंतु श्रमिकाला जडणारी सर्वच दुखणी अशी बाहेरून येत नाहीत. एकच हालचाल दिवसातून हजारो वेळा करणाऱ्या हाताला, तासन्‌तास फरशीवर टेकलेल्या गुडघ्याला किंवा सतत उचललेल्या खांद्याला जे दुखणे जडते, ते कामाच्या हालचालीतूनच निर्माण होते. तेथे विष नसते, जखम दिसत नाही आणि बहुधा सूजही नसते. त्यामुळे हे दुखणे खरे की काल्पनिक, कामामुळे झालेले की स्वभावामुळे, असा वाद गेली दीडशे वर्षे चालत आलेला आहे.

प्रस्तुत शोधनिबंधात कंडरा आणि बर्सा यांच्या पुनरावर्ती ताणाच्या विकारांचे आकलन इ. स. १७०० पासून कसे बदलत गेले, याचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. विकाराला मिळालेले नाव, त्या नावातून निघालेला उपचार आणि त्या नावामुळे श्रमिकाला मिळालेला वा नाकारला गेलेला हक्क या तीन गोष्टींचा परस्परसंबंध तपासणे, हे या विवेचनाचे उद्दिष्ट आहे.

संज्ञा व शरीररचना :

स्नायू हाडाला ज्या पांढऱ्या, चिवट दोरीसारख्या भागाने जोडलेला असतो, त्यास कंडरा असे म्हणतात. बर्सा म्हणजे घर्षण होणाऱ्या ठिकाणी, म्हणजे हाड आणि कंडरा किंवा हाड आणि त्वचा यांच्यामध्ये असणारी, अल्प द्रव असलेली पातळ पिशवी होय. मानवी शरीरात अशा सुमारे दीडशे पिशव्या असतात. एडिंबरो येथील शरीररचनाशास्त्रज्ञ अलेक्झांडर मन्रो, दुसरे, यांनी १७८८ मध्ये मानवी शरीरातील सर्व बर्सांचे वर्णन करणारा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासात त्या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे.

मराठीतील 'कंडरा' हा शब्द आयुर्वेदाच्या परंपरेतून आलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सोळा कंडरा आणि नऊशे स्नायू सांगितले असून, फळ्या अनेक बंधांनी बांधल्यावर नाव ज्याप्रमाणे भार वाहू शकते, त्याप्रमाणे शरीर स्नायूंनी बांधलेले असते, असा दृष्टान्त तेथे दिलेला आहे. येथे 'स्नायू' या शब्दाचा अर्थ बांधणारा तंतू असा आहे. आजच्या मराठीत तोच शब्द मांसपेशीसाठी रूढ झाला आहे. स्नायू, संधी आणि अस्थी यांत वात गेला असता स्नेहन, उपनाह, अग्निकर्म, बंधन आणि मर्दन हे उपचार सुश्रुताने सांगितले आहेत. वातव्याधींच्या कारणांत अतिश्रमाची गणनाही आयुर्वेदात आढळते. विशिष्ट व्यवसाय आणि विशिष्ट अवयव यांची सांगड घालणे हा मात्र त्या विवेचनाचा विषय नव्हता. ती सांगड अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर इटलीत घातली गेली.

रामाझ्झिनी आणि व्यवसायाचा प्रश्न :

बर्नार्डिनो रामाझ्झिनी (१६३३–१७१४) हे मोडेना आणि नंतर पादुआ येथे वैद्यकाचे अध्यापन करणारे इटालियन वैद्य होते. श्रमिकांच्या रोगांवरील त्यांचा लॅटिन ग्रंथ १७०० मध्ये मोडेना येथे आणि त्याची वाढीव आवृत्ती १७१३ मध्ये पादुआ येथे प्रसिद्ध झाली. रुग्णाला विचारावयाच्या हिपोक्रेटीसच्या परंपरेतील प्रश्नांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी, असे त्यांनी सुचविले. तो प्रश्न म्हणजे, रुग्णाचा व्यवसाय कोणता? आज हा प्रश्न साधा वाटतो. तथापि, रोगाचे कारण रुग्णाच्या प्रकृतीत आणि ऋतुमानात शोधण्याच्या काळात त्याला वेगळे महत्त्व होते.

वाढीव आवृत्तीत लेखनिकांच्या रोगांचे प्रकरण आहे. लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे रामाझ्झिनी यांनी नोंदविली : सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने होणारी अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. आयुष्यभर लेखन करणाऱ्या एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा तो डाव्या हाताने लिहावयास शिकला. परंतु काही काळाने डाव्या हातालाही तेच दुखणे जडले, अशी हकिगत त्यांनी दिली आहे. या हकिगतीत दोष हाताचा नसून कामाचा आहे, हे स्पष्ट होते. स्थिर बैठक, पुनरावर्ती हालचाल आणि मानसिक ताण हे तिन्ही घटक रामाझ्झिनी यांनी एकत्र मांडले होते. पुढील दोन शतकांत मात्र त्यांची फारकत झाली.

एकोणिसावे शतक : व्यवसायांची नावे धारण करणारे रोग :

औद्योगिक क्रांतीनंतर श्रमविभागणी वाढली आणि एका माणसाच्या वाट्याला एकच हालचाल येऊ लागली. या काळातील रोगांची नावेच त्याची साक्ष देतात. गुडघ्याच्या वाटीपुढील बर्सा सुजण्याला 'मोलकरणीचा गुडघा' म्हटले गेले, कोपराच्या टोकावरील बर्सा सुजण्याला 'विद्यार्थ्याचे कोपर' किंवा 'खाणकामगाराचे कोपर', तर बैठकीच्या हाडाखालील बर्सा दुखण्याला 'विणकराची बैठक' असे नाव मिळाले. ग्रेच्या शरीररचनाशास्त्राच्या १८९३ च्या आवृत्तीत मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस होणाऱ्या दुखण्याचा उल्लेख 'धुणे धुणाऱ्या स्त्रीचा लचका' असा आढळतो. ओले कपडे पिळताना अंगठा आणि मनगट यांवर येणारा पीळ हे त्याचे कारण मानले जात असे.

हेच दुखणे स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द क्वेर्व्हें यांनी १८९५ मध्ये पाच रुग्णांच्या आधारे शास्त्रीय स्वरूपात मांडले. अंगठा बाहेर नेणाऱ्या आणि सरळ करणाऱ्या दोन कंडरा मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात. त्या बोगद्याचे आवरण जाड होऊन कंडरांची हालचाल कोंडली जाते, असे त्यांनी दाखविले. तत्पूर्वी १८५० मध्ये फ्रेंच वैद्य नोता यांनी बोट वाकल्यावर अडकणे आणि झटक्याने सुटणे या विकाराचे वर्णन केले होते. त्याचेही मूळ कंडरा आणि तिचे आवरण यांच्या विषम प्रमाणात आहे. या दोन्ही उदाहरणांत वेदनेला शरीरातील निश्चित जागा मिळाली. मात्र पाठ्यपुस्तकांत द क्वेर्व्हें यांचे नाव स्थिरावले, आणि धुणे धुणारी स्त्री हळूहळू मागे पडली. रोगाला वैद्याचे नाव मिळाले की त्यामागचे काम दृष्टीआड होते, ही बाब येथे लक्षणीय आहे.

टेनिस एल्बोचा इतिहास याच्या उलट आहे. १८७३ मध्ये जर्मन वैद्य रुंगे यांनी कोपराच्या बाहेरील बाजूच्या वेदनेचे वर्णन लेखनाच्या संदर्भात केले होते. लॉन टेनिसचा प्रसार १८७४ नंतर झाला आणि १८८२–८३ मध्ये इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांतून या दुखण्याची सांगड त्या खेळाशी घातली गेली. तेव्हापासून खेळाचे नाव कायम राहिले. वस्तुतः या विकाराचे बहुसंख्य रुग्ण टेनिस खेळत नाहीत; हाताची मूठ आवळून वारंवार मनगट उचलावे लागणारे सुतार, नळकामगार, स्वयंपाकी अशा लोकांना तो होतो. महाराष्ट्रातील सामान्य वाचकाला हा शब्द परिचित झाला तो २००४ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या कोपराच्या दुखापतीमुळे. त्यांच्यावर मे २००५ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. जगद्विख्यात खेळाडूच्या दुखण्याचे नाव घरोघरी पोहोचले, पण तेच दुखणे भिंतीला गिलावा करणाऱ्या गवंड्याच्या हातात असते तेव्हा त्यास बहुधा नावही मिळत नाही.

मज्जातंतू की कंडरा : लेखनिक आणि तारयंत्रचालक :

बोटांच्या सूक्ष्म कामांतून उद्भवणाऱ्या दुखण्याबाबत एकोणिसाव्या शतकातील वैद्यकाने वेगळी वाट धरली. १८६४ मध्ये लंडनमधील शल्यविशारद सॅम्युएल सॉली यांनी लेखनिकांच्या पक्षाघातावर व्याख्याने दिली. पिसाच्या लेखणीची जागा पोलादी टाकाने घेतल्यामुळे हा विकार वाढला, असे मत त्या काळी प्रचलित होते. १८७५ मध्ये फ्रेंच वैद्य ओनिमस यांनी तारयंत्रचालकांच्या हातात येणाऱ्या पेटक्यांची नोंद केली. १८८८ मध्ये विल्यम गॉवर्स यांनी अशा विकारांना 'व्यवसायजन्य न्यूरोसिस' या वर्गात घातले. गॉवर्स यांच्या काळात या शब्दाचा रोख मज्जासंस्थेच्या कार्यातील बिघाडाकडे होता. पुढे न्यूरोसिसचा अर्थ मानसिक दुर्बलता असा होत गेला आणि त्याबरोबर रुग्णाकडे पाहण्याची दृष्टीही बदलली.

या बदलाचे परिणाम ब्रिटिश कायद्यात दिसून येतात. १९०६ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने प्रथमच काही व्यवसायजन्य रोगांना अपघाताचा दर्जा दिला. १९०७ मध्ये त्या यादीचा विस्तार होऊन खाणकामगारांच्या हाताचे, गुडघ्याचे आणि कोपराचे विकार तसेच मनगटाच्या कंडरांच्या आवरणाचा दाह यांचा समावेश झाला. १९०८ मध्ये तारयंत्रचालकांचा पेटकाही यादीत आला. त्यानंतर टपाल खात्याच्या कर्मचाऱ्यांकडून येणाऱ्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीने १९११ मध्ये अहवाल दिला. कर्मचाऱ्याच्या मज्जासंस्थेची अस्थिरता आणि वारंवार येणारा थकवा, अशा दोन घटकांच्या संयोगातून हा विकार होतो, असा निष्कर्ष समितीने काढला. त्यामुळे कारणाचा निम्मा वाटा कामाकडे आणि निम्मा कामगाराच्या स्वभावाकडे गेला.

याच सुमारास अमेरिकेत प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. तेथील तारयंत्रचालक या दुखण्याला 'काचेचा हात' म्हणत. १९०४ मध्ये होरेस मार्टिन यांनी 'व्हायब्रोप्लेक्स' या नव्या कळीचे एकस्व घेतले. जुन्या कळीवर प्रत्येक टिंबासाठी हात वरखाली करावा लागे. नवी कळ आडव्या दिशेने चाले आणि टिंबांची मालिका तिच्या कंपनातून आपोआप उमटे. चालकाचा स्वभाव तपासण्याऐवजी त्याचे साधन बदलण्याचा हा मार्ग होता. पुढे कार्यसुलभताशास्त्र म्हणून विकसित झालेल्या विचाराचे हे एक जुने उदाहरण मानता येईल.

'दाह' या शब्दाचे राज्य :

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्ष पुन्हा ऊतींकडे वळले. बोस्टन येथील शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९०६ मध्ये खांद्याच्या कमानीखालील बर्साविषयी लेखन केले आणि १९३४ मध्ये खांद्यावरील त्यांचा बृहद्‌ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रारंभी बर्साचा विकार म्हणून पाहिलेल्या दुखण्यामागे अनेकदा तिच्या तळाशी असलेल्या कंडरेची झीज वा फाट असते, अशा निष्कर्षाप्रत ते आले. प्रत्येक रुग्णाचा उपचारानंतर दीर्घकाळ मागोवा घेऊन अंतिम परिणाम जाहीर करावा, असा आग्रहही त्यांनी धरला. त्यांच्या समकालीनांना तो आग्रह रुचला नाही. परंतु या विषयाच्या पुढील इतिहासात तोच निर्णायक ठरला.

तथापि, रूढ परिभाषा 'टेंडिनायटिस' आणि 'बर्सायटिस' हीच राहिली. या नावांतील 'आयटिस' या प्रत्ययाचा अर्थ दाह. नावात दाह आला म्हणजे उपचार दाहशामक असावा, हे ओघानेच आले. १९४८ मध्ये फिलिप हेन्च आणि एडवर्ड केंडॉल यांनी मेयो क्लिनिकमध्ये कॉर्टिझोनचा संधिवातावर प्रथम उपयोग केला. १९५० मध्ये त्यांना टाडेउश राइखश्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९५१ मध्ये जोसेफ हॉलंडर यांनी सांध्यात हायड्रोकॉर्टिझोनचे इंजेक्शन देण्याची पद्धत मांडली आणि लवकरच कंडरा व बर्सा यांच्या भोवतीही ते दिले जाऊ लागले. काही दिवसांत वेदना थांबत असल्याने रुग्ण आणि वैद्य दोघेही समाधानी होते. वर्षभरानंतर काय होते, हा कॉडमन यांचा प्रश्न मात्र बराच काळ विचारला गेला नाही.

सूक्ष्मदर्शकाचा पुरावा :

१९७६ मध्ये इटालियन शल्यविशारद पुड्डू यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोटेच्या मागील अकिलीस कंडरेच्या संदर्भात दाहाऐवजी ऱ्हास दर्शविणारी 'टेंडिनोसिस' ही संज्ञा वापरली. १९७९ मध्ये निर्शल आणि पेट्रोन यांनी टेनिस एल्बोच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींत दाहपेशींऐवजी अव्यवस्थित तंतू आणि नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आढळल्याचे नमूद केले. निरोगी कंडरेत कोलॅजनचे तंतू समांतर असतात. विकृत कंडरेत त्यांची रचना विस्कटलेली असते. १९९८ मध्ये माफुल्ली, खान आणि पुड्डू यांनी ही गोंधळाची परिभाषा बदलण्याचे आवाहन केले, आणि 'टेंडिनोपॅथी' हे तटस्थ नाव पुढे आले. २००२ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 'टेंडिनायटिस' ही दंतकथा टाकून देण्याची भाषा झाली.

कंडरा सावकाश का भरून येते, याचे एक उत्तर २०१३ मध्ये डॅनिश संशोधकांनी दिले. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा आधार घेऊन त्यांनी दाखविले की, अकिलीस कंडरेचा गाभा वयाच्या सुमारे सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर त्याचे नूतनीकरण जवळजवळ होत नाही. दाहाचा सहभाग अजिबात नसतो, हे म्हणणेही पुढे टिकले नाही. २०१० नंतरच्या अभ्यासांत विकृत कंडरेत दाहाशी निगडित पेशी आणि रेणू आढळले आहेत. मात्र हा जखमेतील नेहमीचा दाह नसून, भार आणि दुरुस्ती यांचा तोल बिघडल्याची प्रक्रिया आहे, असे आजचे आकलन आहे.

बर्साच्या बाबतीतही असाच बदल झाला. नितंबाच्या बाहेरील बाजूच्या वेदनेस दीर्घकाळ 'ट्रोकँटेरिक बर्सायटिस' म्हटले जाई. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८७७ रुग्णांच्या ध्वनिलहरी तपासणीत बर्साची सूज केवळ सुमारे एकपंचमांश रुग्णांत आढळली. इतर अनेकांत नितंबाच्या कंडरांचे विकार दिसून आले. कॉडमन यांनी खांद्याविषयी जे म्हटले होते, त्यास येथे दुजोरा मिळाला. अर्थात जंतुसंसर्गाने सुजलेली बर्सा ही वेगळी बाब आहे. तिचा द्रव तपासून प्रतिजैविके द्यावी लागतात आणि तेथे विलंब धोकादायक ठरतो.

उपचारांचा फेरविचार :

परिभाषेतील बदलाचा खरा कस उपचारांत लागला. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात टेनिस एल्बोच्या १९८ रुग्णांवर यादृच्छिक चाचणी झाली. सहा आठवड्यांनी कॉर्टिकोस्टेरॉइड इंजेक्शनाचा गट सर्वांत पुढे होता. परंतु त्यांतील यशस्वी ठरलेल्या रुग्णांपैकी ७२ टक्के रुग्णांत दुखणे उलटले, आणि वर्षअखेर हा गट भौतिकोपचार घेणाऱ्यांच्याच नव्हे, तर केवळ वाट पाहणाऱ्यांच्याही मागे पडला. २०१० मध्ये लॅन्सेटमधील आढाव्याने या निष्कर्षास पुष्टी दिली. याला अपवादही आहेत. द क्वेर्व्हें यांचा विकार आणि अडकणारे बोट यांत, जेथे अडचण अरुंद आवरणाची असते, इंजेक्शन आजही उपयुक्त मानले जाते.

दुसऱ्या बाजूने, विश्रांतीच्या जागी भार ही कल्पना रुजली. १९८० च्या दशकात कॅनडातील स्टॅनिश आणि कर्विन यांनी, आणि १९९८ मध्ये स्वीडनच्या उमेओ येथील हॉकन आल्फ्रेडसन यांनी, स्नायू लांबत असताना भार पेलण्याचे व्यायाम मांडले. आल्फ्रेडसन यांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत असलेल्या १५ धावपटूंनी बारा आठवडे रोज टाच सावकाश खाली नेण्याच्या १८० आवर्तनांचा व्यायाम केला आणि सर्वजण पुन्हा धावू लागले. अभ्यास लहान होता. परंतु तीव्र भार टाळावा या रूढ समजुतीस त्याने छेद दिला. २०१८ मध्ये नितंबाच्या कंडरांच्या २०४ रुग्णांवरील चाचणीत मार्गदर्शन व व्यायाम या गटातील ७७ टक्के, इंजेक्शनाच्या गटातील ५८ टक्के आणि केवळ वाट पाहणाऱ्यांतील २९ टक्के रुग्णांना आठ आठवड्यांनी सुधारणा जाणवली.

शस्त्रक्रियेबाबतही तेच घडले. १९७२ मध्ये चार्ल्स नीअर यांनी खांद्याच्या कमानीचे हाड कंडरेला घासते, या कल्पनेवर आधारित शस्त्रक्रिया मांडली आणि ती जगभर रूढ झाली. २०१८ मध्ये ब्रिटनमधील ३१३ रुग्णांच्या चाचणीत हाड तासण्याची शस्त्रक्रिया आणि केवळ दुर्बीण घालून पाहण्याची लटकी शस्त्रक्रिया यांच्या परिणामांत फरक आढळला नाही. कॉडमन यांचा अंतिम परिणामाचा आग्रह शतकानंतर त्यांच्याच विषयात असा फलद्रूप झाला.

संगणकयुगातील वाद :

ऊतींच्या ज्ञानाने कामाचा प्रश्न मात्र सुटला नाही. १९६४ मध्ये जपानच्या श्रम मंत्रालयाने छिद्रपत्रांच्या कळफलकावर काम करणाऱ्यांसाठी दिवसाला कमाल पाच तास काम, दर तासाला दहा मिनिटे विश्रांती आणि कमाल ४०,००० आघात अशी मार्गदर्शक मर्यादा सुचविली. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियात कळफलकावर काम करणाऱ्यांत दुखण्याच्या तक्रारींची लाट आली. 'रिपिटिशन स्ट्रेन इंजुरी', संक्षेपाने आरएसआय, हे नाव तेव्हा जगभर पोहोचले. तेथील दूरसंचार सेवेत वेगाने कळा चालविणाऱ्या तारयंत्रचालकांपेक्षा दूरध्वनी कर्मचाऱ्यांत तक्रारींचे प्रमाण कितीतरी अधिक होते. केवळ आघातांची संख्या हेच कारण असते, तर हे घडले नसते. यावरून काहींनी हा सामूहिक मानसिक विकार ठरविला. इतरांनी कामावरील नियंत्रणाचा अभाव, कंटाळवाणेपणा आणि देखरेखीचा ताण यांकडे बोट दाखविले. १९९३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात एका पत्रकाराचा दावा फेटाळताना न्यायाधीशांनी आरएसआय या संज्ञेला वैद्यकात स्थान नाही, असे मत नोंदविले. अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्ये जाहीर झालेला कार्यसुलभतेचा नियम मार्च २००१ मध्ये काँग्रेसने रद्द केला.

या वादात रामाझ्झिनी यांनी एकत्र ठेवलेले घटक परस्परविरोधी मानले गेले. दुखणे शरीराचे असेल तर मनाचे नाही, आणि मनाचा ताण असेल तर कामाचा दोष नाही, असा युक्तिवाद झाला. वस्तुतः ताठर बैठक, अखंड हालचाल आणि चुकीची धास्ती या तिन्ही गोष्टी कामाच्याच रचनेतून येतात.

भारतीय संदर्भ :

भारतात १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा झाला, तो ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर. मात्र ब्रिटनने १९०७–०८ मध्ये मान्य केलेले कंडरा व बर्सा यांचे विकार त्याच्या मूळ रोगसूचीत आले नाहीत. अँथ्रॅक्स, शिसे आणि फॉस्फरस यांच्यावर ती थांबली. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील अधिसूचित रोगांची यादीही प्रामुख्याने विष, धूळ आणि संसर्ग यांचीच राहिली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत अंगठ्याकडील मनगटाचा कंडरावरण-विकार, कोपराच्या व गुडघ्याच्या बर्साचा विकार आणि कोपराच्या बाजूचा कंडराविकार यांचा स्पष्ट नामनिर्देश आहे. ज्यांच्या कामावरून या विकारांना पूर्वी नावे मिळाली, ती धुणे-भांडी आणि फरशी पुसण्याची कामे महाराष्ट्रात आजही प्रामुख्याने स्त्रिया करतात. घरकामगारांच्या कल्याण मंडळासाठी राज्याने २००८ मध्ये कायदा केला. परंतु मनगट दुखते म्हणून दोन दिवस कामावर न जाणे ज्या स्त्रीस परवडत नाही, तिच्यापर्यंत बारा आठवड्यांचा व्यायाम पोहोचविणे हा केवळ वैद्यकाचा प्रश्न राहत नाही. तिच्यासाठी भार क्रमाने वाढविणे म्हणजे आधी भार कमी करता येणे. आणि तो कमी करण्याचा अधिकार तिच्या हाती नसतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, कंडरा व बर्सा यांच्या विकारांचे नामकरण हे केवळ वर्णन नव्हते; 'दाह' या नावाने इंजेक्शनाकडे, 'न्यूरोसिस' या नावाने संशयाकडे आणि व्यवसायाच्या नावाने नुकसानभरपाईकडे नेले. दुसरी, त्वरित आराम आणि टिकाऊ सुधारणा या भिन्न गोष्टी असून, दीर्घकालीन मागोवा घेतल्याविना त्यांतील भेद कळत नाही. तिसरी, आज सर्वाधिक आधार लाभलेला उपचार, म्हणजे भाराचे नियोजन व क्रमशः व्यायाम, हा रुग्णाला वेळ आणि कामात सवलत मिळाली तरच शक्य होतो. वेदना का टिकून राहते, याचे उत्तर सूक्ष्मदर्शक देऊ शकतो. ती का सुरू झाली, याचे उत्तर कामाच्या ठिकाणीच सापडते. यास्तव रुग्णाचा व्यवसाय कोणता, हा तीनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न प्रत्येक तपासणीत विचारला जाणे, आणि त्याचे उत्तर कायद्याच्या सूचीपर्यंत पोहोचणे, अगत्याचे आहे.